फटफटीचा सांभाळ : नगरच्या एका कसबाचे पूर्ववृत्त

अहमदनगरचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा भुईकोट किल्ल्यापासून आरंभ करतात, चांदबिबीच्या पराक्रमापाशी विसावतात आणि १९४२ च्या राजबंद्यांपाशी येऊन लेखणी खाली ठेवतात. आणि १४९० साली मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या, आता सरकारदप्तरी अहिल्यानगर या नावाने नोंदलेल्या या शहरापाशी सांगण्यासारखे इतके आहे की त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु या शहराला आणखी एक पूर्ववृत्त आहे. ते तवारिखांत सापडत नाही, कारण त्यातील माणसे राजे वा सेनानी नव्हती. ती होती लोहार, तांबट, फिटर, टर्नर आणि नखांतले काळे तेल कधीच न निघणारे मिस्त्री. विजापूरच्या तटावर प्रवासी जिच्याभोवती विस्मयाने फिरतात ती मुलुखमैदान तोफ १५४९ साली रूमीखानाने ओतली ती नगरमध्ये, ही गोष्ट नगरच्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असावयास हवी. त्या ओतकामाचा आणि आजच्या गॅरेजांचा वंशवृक्ष जोडण्याचा मोह मी टाळतो, कारण मधल्या शतकांचे दुवे हाती नाहीत. तथापि एक क्रम मात्र गेल्या शंभर वर्षांत या गावात पुनःपुन्हा घडलेला दिसतो: कोणा सत्तेने वा कारखान्याने येथे नवे यंत्र आणले, काही काळाने आणणारा निघून गेला किंवा त्याचे मन दुसरीकडे वळले, आणि त्या यंत्राची दुरुस्ती करण्याची विद्या तेवढी गावात मागे राहिली.

त्या विद्येचेच एक फळ म्हणजे दूर पल्ल्यासाठी बांधलेली, वेगाला न भिणारी आणि आता वीस-पंचवीस वर्षांची झालेली मोटारसायकल मोडीत न घालता, केवळ चालविण्याच्या आवडीपायी, पदरमोड करून सांभाळण्याची चाल. पुण्या-मुंबईत हा सधन माणसाचा छंद समजला जातो. नगर जिल्ह्यात तिची मुळे अधिक खोल आहेत. छावणी, ऊस, कारखाना आणि लेथ या चार गोष्टींवाचून ती येथे रुजली नसती, असे माझे मत आहे, आणि ते का, हे क्रमाने सांगितले पाहिजे.

प्रथम छावणी. १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, आणि पुढे कंपनीचा अंमल स्थिरावल्यावर भिंगारच्या बाजूला लष्कराचा तळ पडला तो आजतागायत हललेला नाही. घोडदळाचे युग संपून चिलखती मोटारींचे युग सुरू झाले तेव्हा, १९२४ साली, रॉयल टँक कोअरची शाळा नगरला आली. आणि ज्या मुलखात त्या वेळी मोटार दिसली तर पोरे मागे धावत, त्याच मुलखात इंजिन उघडून त्याचा प्रत्येक भाग क्रमाने मांडून ठेवण्याचे, झिजेचे माप घेण्याचे आणि केलेल्या कामाची नोंद वहीत करण्याचे शिक्षण रीतसर सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली येथेच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल स्थापन झाले. फाळणीमुळे रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्थाही नगरला आली. तीच आजची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली व्हीआरडीई. फरहाबागेच्या परिसरात १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय पाहावयास आता सहली येतात, आणि तेथील पोलादी प्रचंडता पाहून परततात. पण त्या रणगाड्यांहून मला अधिक मोलाची वाटते ती या शाळांनी नकळत गावात पेरलेली शिस्त. लष्करात गाडीला कामाची पाळी ठरलेली असते: इतक्या मैलांनी तेल, इतक्या मैलांनी टॅपेट, इतक्या महिन्यांनी ब्रेक, गाडी बिघडो अथवा न बिघडो. बिघडल्यावर दुरुस्त करणे आणि बिघडू नये म्हणून उघडणे या दोन वृत्तींत जे अंतर आहे ते छावणीच्या गावांतील जुन्या मिस्त्र्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराला नकोशा झालेल्या वाहनांचे लिलाव झाले. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग त्या काळी सर्वांच्या तोंडी होता. नॉर्टन, बीएसए, मॅचलेस अशा विलायती बनावटीच्या लष्करी मोटारसायकली त्या मार्गाने डॉक्टर, कंत्राटदार, बागायतदार यांच्या दारी आल्या. त्यांच्यासोबत कारखान्याचे माहितीपुस्तक क्वचितच आले, आणि सुट्या भागांची पेटी कधीच आली नाही. म्हणून जो भाग तुटला तो करवून घ्यावा लागे. बुश पितळेचे ओतावे, स्पिंडल लेथवर उतरवावे, गॅस्केटचा कागद केसिंगच्या कडेवर धरून हातोडीच्या गोल तोंडाने हलकेच ठोकीत जावे म्हणजे कडेकडेने कागद आपसूक कापला जातो आणि भोकेही जागच्या जागी पडतात, ही रीत आजही माळीवाड्यापासून झेंडीगेटपर्यंत कोणत्याही जुन्या गॅरेजात पाहावयास मिळते. विलायती गाड्यांचे नटबोल्ट इंची मापाचे. त्यामुळे त्या पिढीच्या मिस्त्र्याच्या पेटीत सुताचे पाने असत. पुढे जावा आणि जपानी गाड्या आल्या तेव्हा त्याच पेटीत मिलिमीटरच्या पान्यांचा दुसरा संच येऊन बसला. ज्याच्या पेटीत दोन्ही संच आहेत तो माणूस, काही विचारपूस न करता, जुना समजावा.

आता ऊस. क्षेत्रफळाने नगर हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला. पश्चिमेस अकोल्यात कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आणि मुसळधार पाऊस, पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी-जामखेड-कर्जतचा अवर्षणाचा पट्टा, आणि मध्ये प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेले बागाईत. स्वतंत्र भारतातील या राज्याच्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावरच धावली, हे खरे. परंतु एसटी गावाच्या फाट्यावर सोडते, आणि फाट्यापासून मळा पाच-सहा मैल आत असतो. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या पाठोपाठ जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली, आणि उसाचे बिल हाती येऊ लागलेल्या शेतकऱ्याने जी पहिली चैन केली, किंवा ज्याला त्याच्या बायकोने चैन म्हटले आणि त्याने गरज म्हटले, ती म्हणजे फटफटी. १९५५ साली मद्रास मोटर्सने रेडिचच्या विलायती कंपनीशी भागीदारी करून एनफिल्ड इंडिया काढली. १९६० च्या आगेमागे मैसूरला आयडियल जावा सुरू झाली. त्याच दशकात फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने राजदूत आणली. तिघींनी आपापला मुलूख वाटून घेतला. बुलेट पाटलाची, सरपंचाची, कारखान्याच्या संचालकाची. राजदूत दुधाच्या कॅनांची. दोन्ही बाजूंना दोन कॅन, मागे पेंडीचे पोते, आणि त्यावर बसलेला माणूस घेऊन ती राहुरी-श्रीरामपूरच्या चिखलातून जाई. जावा, आणि सत्तरीच्या दशकात तिचे नाव बदलून झालेली येझदी, तरुणांची. तिचा गिअरचा दांडाच उलटा फिरवून किक म्हणून वापरावयाचा असे, आणि हे न कळल्यामुळे नवख्याची होणारी फजिती पाहण्यासाठी चौकात माणसे थांबत.

या सर्व गाड्या उपयोगासाठी घेतलेल्या होत्या. त्यांच्यावर प्रेम जडले ते मागाहून, आणि त्याला कारण झाला परवान्यांचा काळ. परदेशी मोटारसायकल आयात करण्याचा मार्ग बंद, देशी कारखान्यांचे उत्पादन मोजके, गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा शिरस्ता. अशा स्थितीत जी गाडी दारात आहे तीच मुलाला द्यावयाची, हे घरात गृहीत असे. सिलिंडर झिजला की तो पाव मिलिमीटरने वाढवून कोरून घ्यावा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवावा. तो झिजला की अर्ध्या मिलिमीटरचा, मग पाऊण, मग एक. आणि त्यापुढे कोरायला धातू उरला नाही म्हणजे नवे स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापापासून आरंभ करावा. ‘बोअर-पिस्टन’ हा एक शब्द उच्चारला की नगरच्या लेथवाल्याला बाकीचे सांगावे लागत नाही. सिलिंडर यंत्रावर चढविण्यापूर्वी तो आतून बोट फिरवितो. वरच्या टोकापाशी जेथे रिंग पोहोचत नाही तेथे एक सूक्ष्म कंगोरा राहिलेला असतो, आणि तो कंगोरा बोटाला किती लागतो यावरून तो झिजेचा अंदाज सांगतो. मग माप घेतो, आणि अंदाज क्वचितच चुकतो. मी हे अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्या बोटाबद्दल आदर वाटला आहे.

नगरच्या या कसबाला कारखान्याचा आधार मिळाला तो फिरोदिया घराण्यामुळे. मुंबई विधानसभेचे १९४६ ते १९५२ या काळातील अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया हे नगरचे. त्यांचे पुत्र नवलमल आणि हस्तीमल यांनी वाहनउद्योगात जे केले ते महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील स्वतंत्र प्रकरण आहे. हस्तीमलजींनी कायनेटिक इंजिनिअरिंग ही कंपनी काढली, नगर-दौंड रस्त्यावर कारखाना उभारला, आणि १९७२ साली इटलीच्या पियाज्जिओच्या छोट्या गाडीवरून बेतलेली पन्नास सीसीची लुना बाजारात आणली. शिक्षिका, परिचारिका, पोस्टमन, भाजीवाला, महाविद्यालयीन मुलगी या सर्वांना स्वतःचे चाक देणारी ती गाडी. इंजिन थकले तर पायडल मारून घरी यावे अशी सोय असलेली. दूर पल्ल्याच्या मोटारसायकलीशी तिचा काय संबंध, असे वाचक विचारील. संबंध असा की, एक वाहन संपूर्णपणे गावात घडू लागले म्हणजे त्याच्या भोवती पुरवठादारांचे वर्तुळ उभे राहते: कोणी साचे करतो, कोणी ॲल्युमिनियम ओततो, कोणी गिअरला पाणी देतो, कोणी स्प्रिंगा वळतो. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील लहान शेडमध्ये दिवसा कंपनीचे काम करणारा टर्नर संध्याकाळी ओळखीच्या मिस्त्र्यासाठी एखाद्या जुन्या येझदीचा एखादा बुश उतरवून देई. ज्या गावात वाहन घडत नाही तेथे गॅरेजवाला दुकानातील भाग बदलू शकतो. जेथे वाहन घडते तेथे तो भाग करू शकतो. नगरच्या मिस्त्र्यांचे वैशिष्ट्य नेमके हेच.

ऐंशीच्या दशकात रस्त्यावर निराळाच आवाज ऐकू येऊ लागला. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने राजदूत ३५० आणली. दोन सिलिंडरांची, सहा गिअरांची, आणि त्या काळच्या रस्त्यांच्या व चालकांच्या मानाने फारच जलद. पेट्रोलच्या खर्चाने आणि सुट्या भागांच्या किमतीने तिला लवकरच बाजारातून घालविले. १९८५ साली आलेली यामाहाची आरएक्स १०० मात्र टिकली आणि रुजली. या दोघींनी एक गोष्ट केली: मोटारसायकल ही कामावाचून, नुसती चालविण्यासाठीही बाहेर काढावयाची असते, हा विचार त्यांनी जिल्ह्याच्या तरुणांत रूढ केला. रविवारी पहाटे निघून कल्याण रस्त्याने टाकळी ढोकेश्वर, आणे, ओतूर करीत माळशेज घाटाच्या तोंडाशी जावे, तेथे धुक्यात उभे राहून चहा घ्यावा आणि दुपारपर्यंत घरी परतावे. किंवा संगमनेर-अकोल्यावरून भंडारदऱ्याला जाऊन १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या भिंतीखालून मान वर करून पाहावे. या फेऱ्यांतून काही विकत आणावयाचे नसते, कोणाला भेटावयाचे नसते. करंजी घाटाची वळणे एकामागून एक येत असता शरीराचा तोल, हाताची मूठ आणि इंजिनाचा सूर या तिन्हींचे जे ऐक्य होते, त्यात मनुष्याच्या मनातील बारीकसारीक चिंता काही काळ विराम पावतात. ज्याने ते सुख अनुभवले त्याला या लेखाचे प्रयोजन सांगावे लागणार नाही, आणि ज्याने नाही त्यालाही घोड्यावरून दौड करणाऱ्या आपल्या पूर्वजांचे सुख कल्पनेने कळते, तसे हेही कळेल.

या आवडीला साजेशी गाडी देशात आली ती मात्र २००३ च्या सुमारास. हिरो होंडाची करिझ्मा त्या वर्षी निघाली: २२३ सीसीचे इंजिन, वारा अंगावर घेणारे पुढचे कवच, लांब बसणीची जागा, आणि दिवसभर चालवूनही न कुरकुरणारा स्वभाव. त्याच सुमारास नगरच्याच कायनेटिकने कोरियाच्या ह्योसंगशी करार करून ॲक्विला आणि कॉमेट या २५० सीसीच्या गाड्या आणल्या. दोन सिलिंडर व्ही आकारात बसविलेले इंजिन भारतीय गिऱ्हाइकाला कोणा देशी कंपनीच्या दुकानात मिळू शकते, ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. गाडी महाग, मायलेज बेताचे, आणि गिऱ्हाईक थोडे. त्यामुळे ती फार काळ चालली नाही. २००८ साली कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्राकडे गेला. गाड्या लोकांच्या दारात राहिल्या. पुढे २०१८ मध्ये त्याच घराण्याच्या मोटोरोयाल या उपक्रमाने नगरमध्ये इटालियन, इंग्रजी आणि कोरियन बनावटीच्या मोठ्या मोटारसायकली जोडण्यास आरंभ केला, तेव्हा ह्योसंगचे नाव पुन्हा एकदा नगरशी जुळले. पण मधल्या दहा वर्षांत जुन्या कॉमेट ज्यांनी जिवंत ठेवल्या त्यांना कंपनीचा आधार नव्हता. त्यांना आधार होता तो मिस्त्र्यांचा.

तो आधार प्रत्यक्षात कसा असतो, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. करिझ्माच्या कार्ब्युरेटरात एक पातळ रबरी पडदा असतो. इंजिनाच्या ओढीने तो वर उचलला जातो आणि आपल्यासोबत सुई वर नेतो, तेव्हा पेट्रोल अधिक मिळते. पंधरा-वीस वर्षांनी तो पडदा विरतो. मग गाडी चालू होते, जागेवर उत्तम चालते, पण मूठ पिळली तरी वर चढत नाही. चालक प्लग बदलतो, फिल्टर बदलतो, क्लच प्लेटवर संशय घेतो आणि हजारो रुपये घालवितो. जाणता मिस्त्री आधी काहीच बदलत नाही. वरचे टोपण काढून तो पडदा दोन बोटांत धरतो आणि उन्हाकडे करतो. टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन प्रकाशाचे ठिपके दिसले की, ‘दादा, इंजिन निरोगी आहे, हिचा पडदा गेलाय,’ एवढेच तो म्हणतो. कॉमेटची परीक्षा याहून कठीण. तिला दोन कार्ब्युरेटर. दोघांची ओढ सारखी नसेल तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढीत नेतो, आणि गाडी मंद वेगात थरथरते. यासाठी कंपनीकडे मापकांचा संच असे. नगरच्या मिस्त्र्याने फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात ठोकली, तिच्या पोटात इंजिनाचे तेल भरले आणि दोन टोके दोन कार्ब्युरेटरांना जोडली: ज्याची ओढ अधिक त्याच्याकडे तेल चढते. स्क्रू अंशाअंशाने फिरवीत दोन्ही बाजूंचे तेल समपातळीवर आणले की काम झाले. या युक्तीची भौतिक तत्त्वे पाठ्यपुस्तकात सर्वांनी वाचलेली असतात. ती फळीवर ठोकून दाखविणारा माणूस विरळा.

हे कसब पोरपणी सुरू होई. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा प्रथम रॉकेलच्या ट्रेमध्ये भाग धुई, मग उस्तादाने मागितलेला पाना न चुकता हाती देई, मग चाक काढी, ब्रेक करी. आणि इंजिनाला हात लावण्याची परवानगी त्याला बऱ्याच काळाने मिळे. या पद्धतीत सोसणे पुष्कळ होते, लेखी शिक्षण तुटत होते, आणि तिचे मी आंधळे समर्थन करणार नाही. बालमजुरीचा कायदा झाला हे योग्यच झाले. परंतु त्या पद्धतीची जागा घेणारी दुसरी, तितकीच कसून शिकविणारी पद्धत उभी झालेली नाही, हेही तितकेच खरे. आता नव्या गाड्यांना पेट्रोल संगणकाच्या हुकुमाने मिळते, दोष यंत्र सांगते, आणि अख्खा भाग बदलला जातो. नव्या मिस्त्र्याला टॅपेटचे अंतर पात्याने मोजून, थंड इंजिनावर, पिस्टन वरच्या टोकाला आणून बसविण्याची वेळच येत नाही. त्याचा यात दोष नाही. मात्र जुन्या गाडीचा मालक त्याच्या दारातून विन्मुख परततो.

अलीकडे या चालीवर दोन नवी संकटे आली आहेत. एक इंधनाचे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण आता देशभर अंमलात आले आहे, आणि त्यातले काही इथेनॉल याच जिल्ह्याच्या मळ्यांत पिकणाऱ्या उसापासून निघते. शेतकऱ्याच्या उसाला त्यामुळे भाव मिळत असेल तर मी त्या धोरणाच्या विरुद्ध बोलणार नाही. तरी ज्या काळी हे मिश्रण कोणाच्या स्वप्नातही नव्हते त्या काळच्या रबरी नळ्या, सील आणि टाकीचे आतले पत्रे यांना ते मानवत नाही. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरू लागतो. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात आणि गाडी दीर्घकाळ उभी करावयाची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा.

दुसरे संकट कायद्याचे, आणि ते मला अधिक गंभीर वाटते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीत राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, त्यांना निराळा क्रमांक दिला, आणि प्रदर्शने व रॅली अशा प्रसंगांपुरती त्यांना रस्त्यावर येण्याची मुभा ठेवली. हे उत्तम झाले. पण पंधरा आणि पन्नास यांच्या मध्ये पस्तीस वर्षांचा जो काळ आहे, त्या काळातील गाडीला कायद्यात कोणतेच नाव नाही. दरसाल तिच्याकडे अधिक संशयाने पाहिले जाते, आणि तरीही पन्नास वर्षे पूर्ण करून व्हिंटेजचा मान मिळविण्यासाठी तिला याच पस्तीस वर्षांतून जिवंत बाहेर यावयाचे असते. पंचवीस वर्षांपलीकडच्या, नीट राखलेल्या आणि धूर तपासणीत उतरणाऱ्या गाड्यांसाठी मधला एक वर्ग निर्माण करावा, त्यांचे नूतनीकरण त्यांच्या प्रत्यक्ष स्थितीवरून ठरवावे, वयावरून नव्हे, ही मागणी वाजवी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमान्वये देशातील वाहनांच्या नमुन्यांना मान्यता देणाऱ्या मोजक्या संस्थांत नगरच्या व्हीआरडीईचे नाव आहे. वाहनाची स्थिती पाहून निर्णय कसा करावा, याचे ज्ञान या जिल्ह्याला कोणी बाहेरून आणून द्यावे लागणार नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. त्याआधी आपल्या हाती असलेले एक काम आहे, आणि ते पुढे ढकलता येण्यासारखे नाही. सुताच्या पान्यांची पेटी जवळ असलेले मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. कोणत्या इंजिनाला कोणत्या गाडीचा पिस्टन चालतो, कोणता सील कोणत्या ट्रॅक्टरच्या पंपाचा बसतो, कोणत्या गिअरला कोणत्या शेडमध्ये पाणी नीट मिळते, हे सर्व त्यांच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कोठेही नाही. एमएच-१६ आणि एमएच-१७ या पाट्या लावून अजून चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांना माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी गाडी गॅरेजला नेताना सोबत वही न्यावी. उस्तादाच्या शेजारी बसून प्रत्येक माप, प्रत्येक पर्यायी भाग, प्रत्येक लेथवाल्याचा ठावठिकाणा त्याच्या तोंडून लिहून घ्यावा, आणि अशा वह्यांची एकेक प्रत नगर, संगमनेर, श्रीरामपूर येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या ग्रंथालयांत ठेवावी. मिस्त्री सांगावयास तयार आहेत, विचारणारा पाहिजे.